पेशीच्या अंधारातील कंदील

बँकेत पैसे भरावयास गेलेल्या माणसाने एक दृश्य पुष्कळदा पाहिले असेल. एखाद्या नोटेविषयी शंका आली, की रोखपाल ती आपल्याजवळच्या लहानशा यंत्रातील जांभळट दिव्याखाली धरतो. नोट खरी असेल तर तिच्यावरील क्रमांक एकाएकी उजळतो आणि कागदात विखुरलेले बारीक तंतूही चमकू लागतात. रोखपालाच्या सदऱ्याची शुभ्र बाही त्याच दिव्याखाली आली, तर तीही निळसर झळाळते. कारण कपडे अधिक पांढरे दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत मिसळलेले द्रव्य तिच्यात राहिलेले असते. त्या दिव्यातून जांभळ्या रंगाच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण बाहेर पडत असतात. त्यांना आपण जंबुपार किंवा अतिनील किरण म्हणतो. नोटेवरील शाई हे अदृश्य किरण शोषून घेते आणि त्यांच्या मोबदल्यात दृश्य प्रकाश परत देते. पदार्थाच्या या गुणाला इंग्रजीत फ्लुओरेसन्स असे नाव आहे. मराठीत आपण त्याला प्रतिदीप्ती म्हणू. काजव्याचा प्रकाश त्याच्या अंगचा असतो, तसा हा नसतो. हा उसना उजेड आहे. दिवा मालवला, की तोही मालवतो.

असा उसना उजेड देणारे कण सजीवांच्या पेशींत सोडून शास्त्रज्ञांनी जीवनव्यापार कसे पाहिले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम अडचण काय होती ती पाहू. आमच्या शाळेत मुलांना सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा दाखवितात. मूल डोळा लावते आणि म्हणते, ‘‘सर, काहीच दिसत नाही.’’ त्याची तक्रार रास्त असते. पेशी ही बहुतांशी पाण्यासारखी पारदर्शक. तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकला, म्हणजे तिचे केंद्रक आणि भिंती दिसू लागतात. परंतु ज्या पेशीला आपण रंग चढविला, ती बहुधा त्यातच मरते. गेल्या शतकापूर्वीच्या जीवशास्त्राची मोठी खंत हीच होती. जे जिवंत होते ते दिसत नव्हते, आणि जे दिसत होते ते जिवंत राहिलेले नसे. त्यात आणखी एक अडचण होती. पेशीच्या पोटात हजारो प्रकारची प्रथिने दाटीवाटीने वावरतात. त्यांतील एकच प्रथिन कोठून कोठे जाते हे पाहावयाचे, तर सर्वांना रंगवून उपयोग नाही. इतर सर्व काळोखात राहून ते एकटेच उजळले पाहिजे.

रात्री घाटमाथ्यावर उभे राहून खालच्या खोऱ्याकडे पाहा. वाट दिसत नाही, झाडे दिसत नाहीत, माणूस तर नाहीच. परंतु कोणी कंदील घेऊन चालला असेल, तर तो ठिपका दोन कोसांवरूनही दिसतो आणि त्यावरून वाट कशी वळते हेही समजते. माणूस लहान असला, तरी भोवतीच्या अंधारामुळे त्याचा कंदील दिसतो. प्रतिदीप्तीचा सारा उपयोग या एका गोष्टीत सामावलेला आहे. प्रश्न एवढाच होता, की पेशीच्या आत कंदील न्यावयाचा कोणी, आणि तो द्यावयाचा कोणाच्या हाती?

या गुणाची पहिली नोंद औषधाच्या प्याल्यात झाली. सेव्हिल येथील वैद्य निकोलास मोनार्देस यांनी १५६५ साली नव्या जगातून आलेल्या औषधींवर ग्रंथ लिहिला. मेक्सिकोतून येणारे एक लाकूड मूत्रपिंडाच्या विकारांवर देत असत. त्याचे तुकडे पाण्यात ठेवले, की पाण्यावर निळी झाक येई. जेझुइट विद्वान अथानासिउस किर्शर यांनी १६४६ साली रोम येथे प्रसिद्ध केलेल्या प्रकाशविषयक ग्रंथात याच लाकडाच्या पाण्याचे पालटते रंग वर्णिले आहेत. कुतूहल वाढले, उलगडा मात्र झाला नाही.

पुढची पायरीही औषधाचीच निघाली. हिवतापावरील क्विनीन आपल्याकडील जुन्या पिढीला चांगले आठवत असेल. ते सिंकोना झाडाच्या सालीतून काढतात. ही साल दक्षिण अमेरिकेतून युरोपात पोहोचविण्यात जेझुइट मिशनऱ्यांचा हात असल्याने तिला तेथे ‘जेझुइटांची साल’ असेच म्हणत. १८४५ साली इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी क्विनीनचे द्रावण उन्हात धरले. पाण्यासारखे निर्मळ द्रावण. परंतु ज्या बाजूने ऊन शिरत होते, तेथे पृष्ठभागालगत सुंदर आकाशी रंगाचा पातळ थर दिसला.

त्याचे कारण केंब्रिज येथील प्राध्यापक जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५२ साली सांगितले. त्यांनी लोलकाने सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि क्विनीनची नळी तांबड्याकडून जांभळ्याकडे सरकवीत नेली. दृश्य रंगांत विशेष काही घडले नाही. जांभळा रंग संपून जेथे डोळ्यांना अंधारच दिसतो, तेथे नळी जाताच ती निळ्या तेजाने उजळली. म्हणजे द्रावणाने आखूड तरंगलांबीचे अदृश्य किरण शोषले होते आणि त्यांहून लांब तरंगलांबीचा दृश्य प्रकाश बाहेर टाकला होता. शोषलेल्या ऊर्जेतील थोडी ऊर्जा आतच खर्च होते. म्हणून परत येणारा प्रकाश नेहमी दुबळ्या, तांबड्या बाजूकडे सरकलेला असतो. फ्लोरस्पार या खनिजावरून स्टोक्स यांनी या गुणाला नाव दिले.

त्यांच्या प्रयोगाची एक हकीकत पाठ्यपुस्तकांतून सांगितली जाते. प्रार्थनामंदिराच्या खिडकीला असते तशी निळी काच त्यांनी प्रकाशाच्या वाटेत धरली आणि डोळ्यांसमोर पिवळसर मद्याचा पेला धरला. निळी काच फक्त जंबुपारच्या बाजूचे किरण आत सोडी; पिवळा द्रव ते किरण अडवी आणि केवळ परत आलेला उजेड डोळ्यांपर्यंत पोहोचू देई. आजच्या लाखो रुपयांच्या सूक्ष्मदर्शकात या दोन वस्तूंच्या जागी दोन गाळण्या असतात. काम मात्र तेच. पहिली गाळणी विचारते तो प्रश्न, दुसरी ऐकू देते ते केवळ उत्तर.

पुढे १८७१ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी फ्लुओरेसीन हा रंग तयार केला. त्याचा किंचितसा अंशही पाण्यात हिरवाकंच चमकतो. त्याची कसोटी पाहिली ती एका नदीवर. दक्षिण जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी एका ठिकाणी तळातील चुनखडीत झिरपून नाहीसे होते. काही कोसांवर आख नावाचा मोठा झरा आहे; त्याचे पाणी ऱ्हाइन नदीला मिळते. हे पाणी डॅन्यूबचेच की काय, असा वाद होता. भूशास्त्रज्ञ क्नोप यांनी ९ ऑक्टोबर १८७७ रोजी नदी जेथे जमिनीत शिरते तेथे दहा किलो फ्लुओरेसीन ओतविले. सुमारे साठ तासांनी आखचा झरा हिरव्या तेजाने वाहू लागला आणि वादाचा निकाल लागला. जमीन न खणता जमिनीखालची वाट कळली. श्रोतेहो, ही नदी ध्यानात ठेवावी. पुढे आपल्याला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीतील कारागिरांनी जंबुपार दिव्याचे सूक्ष्मदर्शक बनविले. परंतु कंदील नेमका हव्या त्याच घटकाच्या हाती कसा द्यावा, ही अडचण उरलीच होती. ती सोडविण्याचा विचार अल्बर्ट कून्स या तरुण अमेरिकन डॉक्टराला १९३९ सालच्या उन्हाळ्यात, बर्लिनमध्ये फिरत असताना सुचला. संधिवाताच्या ज्वरात हृदयाच्या ऊतकांत ज्या गाठी होतात, त्यांत जंतूंचे अंश असतात किंवा कसे, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळत होता. जंतू शरीरात शिरला, की रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयार होतात. आणि प्रत्येक प्रतिपिंड आपल्या शत्रूलाच नेमका चिकटतो. मग या प्रतिपिंडालाच चमकणारा रेणू बांधून पाठविला तर? पोस्टमनच्या हाती कंदील दिला, की पत्ता शोधण्याचे काम तोच करील.

हार्वर्डमध्ये कून्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ साली असा पहिला प्रतिपिंड सिद्ध केला. त्याची चमक निळी होती, आणि ऊतके स्वतःच जंबुपार प्रकाशात थोडीशी निळसर चमकतात. निळ्यात निळे हरवू लागले. मग त्यांनी फ्लुओरेसीन बांधले. हिरवे तेज वेगळे उठून दिसले, आणि १९४२ साली न्यूमोनियाच्या जंतूंचा अंश उंदरांच्या ऊतकांत नेमका कोठे आहे हे दाखविता आले. मध्ये महायुद्ध आले आणि कून्स सैन्यात गेले. परत आल्यावर त्यांनी हे तंत्र सुधारले. १९५० साली ते प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या प्रयोगशाळांत पसरले.

याच प्रतिदीप्तीचे एक साधे रूप आपल्या अगदी जवळ आहे. क्षयरोगाच्या संशयिताची थुंकी काचेवर पसरून ऑरामीन नावाच्या रंगाने रंगवितात. प्रतिदीप्तीच्या सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर क्षयाचे जंतू पिवळ्या काड्यांसारखे चमकतात. जुन्या पद्धतीत निळ्या पटावर गुलाबी काड्या डोळे ताणून शोधाव्या लागत. या पद्धतीत तेवढ्याच वेळात काचेचा कितीतरी अधिक भाग पाहून होतो. आपल्या देशातील अनेक तपासणी केंद्रांत ही पद्धत वापरली गेली आहे. खोलीतला दिवा मंद करून काचेवरच्या पिवळ्या काड्या मोजणारा तंत्रज्ञ हर्शेल आणि स्टोक्स यांचाच वारसदार होय.

तथापि, कून्स यांच्या पद्धतीतही बहुधा पेशी आधी मारावी लागे; कारण प्रतिपिंडासारखा थोराड रेणू जिवंत पेशीच्या आवरणातून सहजी आत शिरत नाही. जिवंत पेशीत दिवा लावावयाचा तर तो पेशीनेच आपल्या हाताने घडवावा लागणार होता. तो दिवा समुद्रात सापडला.

जपानमधील ओसामू शिमोमुरा यांचा जन्म १९२८ चा. ९ ऑगस्ट १९४५ रोजी ते नागासाकीजवळच्या इसाहाया गावी एका कारखान्यात काम करीत होते. खिडकीतून प्रचंड लखलखाट आला आणि सुमारे अर्धे मिनिट त्यांना काहीच दिसेना. संध्याकाळी घरी परतताना काळा पाऊस पडला आणि अंगातील पांढरा सदरा करडा झाला. आजीने त्यांना आल्याबरोबर न्हाऊ घातले. त्यामुळे कदाचित किरणोत्साराचा अपाय टळला असावा, असे ते पुढे सांगत. हा मुलगा वाढला आणि सागरी जीवांच्या शीतल प्रकाशाचा अभ्यास करू लागला. १९६० साली फ्रँक जॉन्सन यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेत प्रिन्स्टन येथे गेले.

१९६१ च्या उन्हाळ्यात ते दोघे देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोटारीने प्रवास करून पश्चिम किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर येथे पोहोचले. तेथे एक्वोरिया नावाचे छत्रीच्या आकाराचे जेलीफिश विपुल असत. डिवचले, की त्यांच्या छत्रीच्या काठावर हिरव्या उजेडाची कडा उमटे. जाळ्यांनी ते पकडावयाचे आणि कात्रीने काठ कापून घ्यावयाचे, असे काम दिवसचे दिवस चाले. परंतु प्रकाश देणारे द्रव्य वेगळे निघेना. अखेर आम्लता वाढविली, की प्रकाश थांबतो, एवढे शिमोमुरांना उमगले. एके दिवशी प्रयोगातील उरलेले द्रव्य त्यांनी मोरीत ओतले आणि मोरी निळ्या प्रकाशाने झगझगली. मोरीत मत्स्यालयातील समुद्राचे पाणी येत होते. त्या पाण्यातील कॅल्शियम हीच दिवा पेटविणारी काडी होती. सुमारे दहा हजार जेलीफिशमधून काही मिलिग्रॅम एक्वोरिन हे प्रथिन हाती आले, आणि १९६२ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

त्या लेखात एका दुसऱ्या प्रथिनाचा टिपेवजा उल्लेख होता. ते जंबुपार प्रकाशात तेजस्वी हिरवे दिसते, एवढेच तेथे नोंदले होते. जेलीफिशच्या अंगी एक्वोरिनचा निळा प्रकाश घेऊन तो हिरवा करण्याचे काम ते करी. शिमोमुरांना ते हवे नव्हते. शुद्धीकरणात आपोआप वेगळे पडले, म्हणून त्यांनी ते टाकून न देता राखून ठेवले. पुढील अनेक उन्हाळे पत्नी आणि मुलांसह ते जेलीफिश गोळा करीत राहिले. ही संख्या साडेआठ लाखांच्या घरात गेली. १९७९ साली त्या हिरव्या प्रथिनातील चमकणाऱ्या भागाची रचना त्यांनी उलगडली. या सर्व काळात त्या प्रथिनाचा व्यवहारात काही उपयोग होईल, असे कोणी धरून चाललेले नव्हते.

उपयोगाचा विचार डग्लस प्रॅशर यांनी केला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील वुड्स होल या सागरी संशोधनसंस्थेत ते काम करीत. या प्रथिनाचे जनुक शोधून काढले आणि ते दुसऱ्या प्रथिनाच्या जनुकाला जोडले, तर पेशी स्वतःच ते प्रथिन शेपटीला कंदील बांधून घडवील, ही कल्पना त्यांची होती. २३८ अमायनो आम्लांच्या या प्रथिनाचे जनुक त्यांनी वेगळे केले आणि त्याची संपूर्ण अक्षरमाला १९९२ साली प्रसिद्ध केली. परंतु अनुदान संपले होते, नवे मिळाले नाही, आणि त्यांना ते संशोधन सोडावे लागले. सोडण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. ज्यांनी मागणी केली होती त्या दोन शास्त्रज्ञांना त्यांनी त्या जनुकाचे नमुने पाठविले. एक कोलंबिया विद्यापीठातील मार्टिन चाल्फी, दुसरे कॅलिफोर्नियातील रॉजर त्सियेन.

जेलीफिशबाहेर हे प्रथिन चमकेल की नाही, याची शंका सर्वांनाच होती. त्यास चेतविण्यासाठी जेलीफिशमधील आणखी काही विकरे लागत असतील, तर सारा खटाटोप व्यर्थ होता. चाल्फी यांनी ते जनुक प्रथम जंतूत घातले. जंतू हिरवे चमकले. मग त्यांनी ते एक मिलिमीटर लांबीच्या एका पारदर्शक कृमीत घातले. या कृमीला स्पर्शज्ञान देणाऱ्या सहा चेतापेशी असतात. त्यांपैकी काही जिवंत, वळवळणाऱ्या कृमीच्या अंगात हिरव्या दोऱ्यांसारख्या दिसू लागल्या. हा वृत्तांत १९९४ च्या फेब्रुवारीत आला. ना रंगाचा थेंब लागला, ना सुई, ना सुरी. त्सियेन यांनी या प्रथिनाला केवळ ऑक्सिजन लागतो हे दाखविले, त्याची चमक वाढविली, आणि त्यात फेरफार करून निळे, आकाशी, पिवळे असे भाऊबंद तयार केले. तांबडा मात्र निघेना. तो १९९९ साली रशियन शास्त्रज्ञांनी प्रवाळवर्गीय प्राण्यांतून मिळविला.

याच सुमारास अगदी वेगळ्या दिशेने दुसरा कंदील आला. त्याचा उगम जिवात नसून काचेत होता. लेनिनग्राड येथे अलेक्सेई एकिमोव्ह हे रंगीत काचेचा अभ्यास करीत होते. काचेतील तांब्याच्या क्षाराचे स्फटिक जितके बारीक, तितका त्यांनी शोषलेला प्रकाश निळ्या बाजूकडे सरकतो, असे त्यांनी १९८१ साली दाखविले. १९८३ साली अमेरिकेत लुई ब्रूस यांना द्रवात तरंगणाऱ्या कणांत हाच चमत्कार आढळला. या कणांना आता क्वांटम बिंदू म्हणतात. त्यांचा व्यास काही नॅनोमीटर असतो; एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करावेत, त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. सतारीची तार जितकी आखूड धरावी, तितका स्वर चढतो. त्याचप्रमाणे इलेक्ट्रॉनला जितक्या लहान कणात कोंडावे, तितकी त्याची ऊर्जा चढते आणि प्रकाश निळा होतो. कॅडमियम सेलेनाइडचा सुमारे दोन नॅनोमीटरचा कण निळा, तर सहा नॅनोमीटरचा तांबडा चमकतो. द्रव्य एकच, रंग केवळ आकारमानाने ठरतो. एकसारख्या आकाराचे उत्तम कण करण्याची कृती मौंगी बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली बसविली.

हे कण पाण्यात विरत नसत. तेव्हा पेशीत ते टिकणार कसे? १९९८ साली अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांनी एकाच अंकात उत्तर दिले. कणाभोवती दुसऱ्या द्रव्याचे कवच चढवावयाचे आणि कवचावर पाण्यात मिसळणारे रेणू बसवावयाचे, की त्यांना प्रथिने जोडता येतात. एका गटाने उंदराच्या पेशीत एकाच वेळी तांबडे आणि हिरवे असे दोन रंग दाखविले, तेही एकाच दिव्याने. नेहमीचे रंग काही सेकंदांत विटतात. हे कण दीर्घकाळ तेवत राहतात. २००२ साली बेडकाच्या भ्रूणात असे कण सोडून एका पेशीपासून पुढील पिढ्या कशा होतात हे पाहिले गेले. २००३ साली पॅरिस येथील शास्त्रज्ञांनी चेतापेशीच्या आवरणावरील एकेका ग्राही रेणूला एकेक कण बांधून त्याची भटकंती मिनिटानुमिनिटे टिपली. घाटावरून दिसणारा कंदील तो हाच.

आता डॅन्यूबकडे वळू. मेंदूचा कोणता भाग कोणत्या भागाशी तंतूंनी जोडलेला आहे, हा प्रश्न त्या जमिनीत लुप्त झालेल्या नदीसारखाच. १९८४ साली लॉरेन्स कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चमकणाऱ्या रंगाने भरलेले लॅटेक्सचे अतिसूक्ष्म मणी मेंदूच्या एका ठिकाणी टोचले. तेथे पोहोचलेल्या चेतातंतूंच्या टोकांनी ते मणी गिळले आणि तंतूच्या आतून उलट दिशेने मूळ पेशीपर्यंत वाहून नेले. ज्या दूरच्या पेशी चमकल्या, त्यांचे तंतू त्या ठिकाणी येतात हे सिद्ध झाले. नदीत दहा किलो रंग ओतला होता. येथे डोळ्यांना न दिसणारी मण्यांची चिमूट पुरली. युक्ती तीच होती.

श्रोतेहो, येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. कंदील हातात घेतलेला माणूस रिकाम्या हाताच्या माणसासारखा चालत नाही. कवचासह क्वांटम बिंदू पुष्कळदा ज्या प्रथिनाला बांधावयाचा, त्याच्याहूनही मोठा असतो. कॅडमियम तर विषारीच. यकृताच्या पेशींवरील प्रयोगांत, कवच दुबळे असेल तर जंबुपार प्रकाशाने आणि हवेने कण झिजून कॅडमियम बाहेर पडते आणि पेशी मरतात, असे २००४ साली दिसून आले. हिरव्या प्रथिनाच्या बाबतीतही प्रखर उजेड पेशीला सोसत नाही. म्हणून शहाणा संशोधक प्रत्येक प्रयोग कंदिलावाचूनही करून पाहतो, आणि जे दिसले ते पेशीचे वर्तन की दिव्याचा परिणाम, हे ताडून घेतो. पाहणाऱ्याने आपल्या पाहण्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

२००८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक शिमोमुरा, चाल्फी आणि त्सियेन यांना मिळाले. २०२३ चे बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना. पहिल्या पारितोषिकाची वार्ता आली, तेव्हा डग्लस प्रॅशर अलाबामा राज्यातील हंट्सव्हिल गावी मोटारविक्रीच्या दुकानाच्या गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी चालवीत होते. पारितोषिक तिघांपेक्षा अधिकांना देता येत नाही. चाल्फी आणि त्सियेन यांनी प्रॅशर आणि त्यांच्या पत्नीला आपल्या खर्चाने स्टॉकहोमच्या समारंभास नेले, आणि त्यांच्यावाचून हे काम झाले नसते, असे मोकळेपणाने सांगितले. पुढे काही वर्षे प्रॅशर त्सियेन यांच्याच प्रयोगशाळेत कामास होते. त्सियेन २०१६ साली आणि शिमोमुरा २०१८ साली निवर्तले.

ही हकीकत मी वर्गात सांगितली, तेव्हा एका मुलीने विचारले, ‘‘सर, त्यांनी ते नमुने दिलेच नसते तर?’’ मी म्हणालो, ‘‘तर ते एखाद्या शीतपेटीत पडून राहिले असते, आणि कदाचित दुसऱ्या कोणी काही वर्षांनी सारे पुन्हा केले असते.’’ तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर माझेही झाले नाही. आपले दार बंद होत असताना हातातील वस्तू दुसऱ्याच्या हवाली करावयाची, आणि तिच्यावर पुढे दुसऱ्याचे नाव लागेल हे ठाऊक असताना करावयाची, ही गोष्ट शास्त्राच्या पुस्तकात शिकविता येत नाही. परंतु या इतिहासातील प्रत्येक वळण अशाच कोणाच्या तरी देण्यावर उभे आहे. उपयोग ठाऊक नसलेले हिरवे प्रथिन शिमोमुरांनी राखून ठेवले, म्हणून प्रॅशरना ते मिळाले. प्रॅशरनी ते पाठविले, म्हणून कर्करोगाच्या पेशी कशा पसरतात आणि मेंदूतील पेशी एकमेकींशी कशा जोडल्या जातात, हे आज जिवंतपणी पाहता येते.

हर्शेल यांचा प्रयोग आपण घरीही करून पाहावा. बाजारात टॉनिक वॉटर नावाचे कडवट पेय मिळते. त्यात अल्पसे क्विनीन असते. ते काचेच्या पेल्यात ओतून भर उन्हात खिडकीशी ठेवावे, पेल्यामागे काळे कापड धरावे आणि बाजूने पाहावे. नोटा तपासण्याची लहान विजेरी असेल तर रंग अधिक स्पष्ट दिसेल. तिचा झोत मात्र कोणाच्याही डोळ्यांवर पडू देऊ नये. निर्मळ पाण्याच्या कडेला आकाशी थर उमटलेला दिसला, की घरातील मुलांना सांगावे की याच रंगापासून ही वाट सुरू झाली.